साईडनी चाल म्हणता, पण साईड आहे कुठं?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. गेल्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमधे एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की आपल्या धुळ्याच्या बाजारातल्या आग्रा रोडवर सकाळ संध्याकाळ गर्दीच्या टायमाला सायकलींना बंदी करा, सायकलवाले मधे मधे येतात, हॉर्न दिला तरी हलत नाहीत, आणि जरा धक्का लागला की पब्लिक गाडीवाल्यालाच धरते. ते वाचून आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्या. मुलगा म्हणे एकदम बरोबर लिहिलंय. मी म्हटलं अर्धं बरोबर आहे, बाकीचं अर्धं मी लिहितो. पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, पण साईडपट्टीचं आणि दाराचा किस्सा तेवढा ठेवा.

आधी माझं सांगतो, नाहीतर लोक म्हणतील हा कोण आला पर्यावरणवाला. मी बावीस वर्षं धुळ्यात मालाची गाडी चालवली. आधी तीनचाकी टेम्पो, मग छोटा हत्ती. तेलाचे डबे, किराणा, भुईमुगाच्या शेंगांची पोती, लग्नाच्या सीझनला मंडपाचं सामान, सगळं वाहिलं. तीन वर्षांपूर्वी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, गुडघे म्हणाले चालू नका, मग डॉक्टरच म्हणाले सायकल चालवा, त्यात गुडघ्यावर वजन येत नाही. गाडी मुलाच्या हातात दिली, आणि माळ्यावर पडलेली माझ्या वडिलांची काळी सायकल उतरवून टायर ट्यूब ब्रेक सगळं नवीन टाकलं. तेव्हापासून देवपुरातून गावात आणि आठवड्यातून तीनदा अवधानला, एमआयडीसीत एका गोडाऊनचा हिशोब बघतो तिकडं, सायकलनीच जातो. म्हणजे आता मी दोन्हीकडचा माणूस आहे, आणि पत्र लिहिणाऱ्या भाऊंवर माझा राग नाही कारण तीन वर्षांपूर्वी हेच पत्र मी लिहिलं असतं, उलट जास्त तिखट लिहिलं असतं.

गाडीवाल्याला काय होतं ते सायकलवाल्यांनी पण समजून घ्या. गाडी लोड आहे, पुढं सायकलवाला दहा बाराच्या स्पीडनं चाललाय, थर्ड टाकावा तर गाडी गचके खाते, सेकंडला ठेवावी तर इंजिन बोंबलतं आणि डिझेल जळतं, मागून रिक्षावाला हॉर्नवर बसलेला, समोरून बाईकवाले रॉंग साईडनी घुसून राहिलेले, आणि खिशात फोन वाजतोय की माल कुठंय. अशा वेळी पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघून तोंडातून जे निघतं ते तुमच्या पेपरात छापता येणार नाही. मी ते बावीस वर्षं बोललो. मनात एकच असायचं, की हा मुद्दाम मधे चाललाय, याला साईडनी जायला काय होतं.

सायकलवर बसलो तेव्हा कळलं याला साईडनी जायला काय होतं ते.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. लहान पुलाच्या तोंडाशी मी चढावर दम खात चाललोय, मागून एक पिकअप आली, पोरगं असेल वीस बावीसचं, काच खाली करून ओरडलं, "ओ बाबा, मराले उना का? साईडनी चाल ना!" मी पण इथलाच, मी पाय टेकला आणि म्हटलं, "साईड कोठे शे, दखाड ना माले!" (साईड कुठं आहे, दाखव ना मला!) तर त्या पोरानं खरंच डावीकडं पाहिलं. नारळाची लोटगाडी, तिच्या पुढं दोन बाईकी, त्याच्या पुढं गटारीतून काढलेला गाळाचा ढीग, वाळलेला, कोणी उचललेला नाही. पोरगं हसलं. "नही शे ना बाबा," म्हणे, आणि हळू काढून गेलं. मला वाटतं या सगळ्या भांडणाचा निकाल त्या पोरानं तिथंच दिला. तो म्हणत होता ती साईड शहरात उरलेलीच नाही, आणि ती नाही हे गाडीच्या काचेतून दिसत नाही, कारण गाडीवाला डावीकडं बघतच नाही, त्याची नजर उजवीकडं, ओव्हरटेकच्या जागेवर.

आता आग्रा रोडचं गणित बघा, मी टेप घेऊन नाही मोजलं पण टेम्पोवाल्याच्या डोळ्याला फूट कळतात. बाईक दुकानाकडं तोंड करून उभी लावली की सहा फूट गेले. दुकानाची पायरी, बोर्ड, साडी नेसवलेला पुतळा, हे बाहेर दोन फूट, म्हणजे बाईक त्याच्या पुढून सुरू. मग ती बाईक काढणारा माणूस मागं न बघता पाय टेकत टेकत रिव्हर्स येतो, त्याच्यासाठी अजून तीन फूट सोडावे लागतात नाहीतर तो चाकात येतो. म्हणजे गटारीपासून अकरा फूट सोडून सायकल चालवायची, आणि अकरा फुटावर म्हणजे रस्त्याच्या मधेच की हो. सायकलचं हँडल दोन फुटाचं, त्यात माणूस थोडा डुलतो, हळू चालला की जास्त डुलतो, म्हणून सायकलवाल्याला साडेतीन फूट पट्टी लागते. फक्त साडेतीन फूट. ती आपण वाहनतळाला देऊन टाकली, आणि तिथं उभ्या असलेल्या गाड्या सायकलवाल्यांच्या नाहीत, हे पत्र लिहिणाऱ्या भाऊंनी एकदा लक्षात घ्यावं, कदाचित त्यांची पण तिथंच लागत असेल, माझी तर लागायचीच.

गावात निदान स्पीड कमी असतो. अवधानच्या रस्त्याला, साक्री रोडला, पारोळा रोडला जरा बाहेर निघा, तिथं वेगळाच खेळ आहे आणि तो जीवावरचा आहे. साईडपट्टी. दोन चार वर्षांनी डांबराचा नवीन थर पडतो, त्यावर परत थर, पण साईडपट्टीला मुरूम टाकायचा सगळे विसरतात, किंवा एस्टिमेटमधे असतो आणि रस्त्यावर नसतो, मला काय माहीत. रस्ता वर वर चढत जातो आणि साईडपट्टी जिथल्या तिथं, वरून पावसात धुवून अजून खाली. काही ठिकाणी चार पाच इंचांची पायरी झालीय. ट्रकवाल्याला ती कळणार पण नाही, त्याचं टायर केवढं. सायकलचं चाक दीड इंचाचं. मागून प्रेशर हॉर्न वाजला, माणूस दचकून खाली उतरला, तिथं सुटी खडी, चाक सरकतं. सावरून परत वर चढायला गेला तर चाक त्या काठाला घासत राहतं, हँडल आपल्या हातात राहत नाही, आणि माणूस आडवा होतो तो उजवीकडं, म्हणजे ज्या गाडीला साईड द्यायला उतरला तिच्याच पुढ्यात. मी असा एकदा पडलोय, मागची गाडी लांब होती म्हणून हे पत्र लिहितोय. कोपर सोललं, चष्मा गेला. संध्याकाळी पाळी सुटली की या रस्त्यांनी बघा किती माणसं सायकलवर परत येतात, डबा हँडलला लटकवलेला, दिवसभर उभं राहून पाय गेलेले. ते हौशी सायकलवाले नाहीत, त्यांच्याकडं ते चड्डी हेल्मेट नाही, त्यांना पर्यायच नाही दुसरा.

मी त्या पडण्यानंतर साईडपट्टीचा अर्ज दिला होता एके ठिकाणी. त्यांनी सांगितलं हा रस्ता आमच्याकडं नाही, पलीकडच्या ऑफिसात द्या. पलीकडचे म्हणाले तिकडंच द्या. मी शिकलेला कमी, पण मुलानं मोबाईलवर शोधून दिलं की २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा १९८ अ म्हणून एक कलम घातलंय, रस्ता ठरलेल्या दर्जाप्रमाणं बांधला नाही किंवा सांभाळला नाही आणि त्यापायी माणूस मेला नाहीतर अपंग झाला, तर रस्त्याची जबाबदारी असणाऱ्याला, कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. त्या वर्षी वाढलेले बाकीचे दंड, हेल्मेटचा, लायसनचा, सगळ्या चौकात पाठ आहेत. हे कलम कोणाला पाठ नाही. नंतरच्या अर्जात मी ते लिहिलं, तेव्हा निदान अर्जावर शिक्का मारून दिला.

आता दाराचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोला सोडून.

२०११ ची गोष्ट, पाचकंदीलच्या जवळ माल द्यायला थांबलो. घाईत होतो, इंजिन चालूच, सवयीप्रमाणं उजव्या हातानं दार ढकललं आणि खाली उडी मारणार तेवढ्यात धाडकन आवाज. आठवी नववीतलं पोरगं, क्लासला चाललेलं, पाठीवर दप्तर, त्याचं हँडल दाराला लागलं आणि ते सायकलसकट रस्त्यावर. मागून रिक्षा येत होती. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला तो पोराच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. हातभर म्हणजे हातभर, मी अजून सांगू शकतो ते चाक कुठं थांबलं होतं. आणि ते पोरगं उठलं, कपडे झटकले आणि मला म्हणतं, "सॉरी काका, माझी चूक झाली." त्याची चूक! मी दार उघडणार हे त्याला कसं कळणार होतं? पण घरून, शाळेतून, रस्त्यावरून त्याला एवढं शिकवलेलं होतं की सायकलवाल्याची चूक असते, की त्याला दुसरं काही सुचलंच नाही. आणि मी काय केलं, तर मी ती माफी घेऊन टाकली. म्हटलं बघून चालव ना बेटा. पब्लिक जमली, कोणीतरी त्याच्या वडिलांना बोलावलं, पुढचं चाक आऊट झालं होतं त्याचे पाचशे रुपये दिले, मिटवलं. माझ्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स होता, तो कायद्यानं प्रत्येक गाडीला असतोच, आणि त्यातला थर्ड पार्टी म्हणजे तेच पोरगं, पण हे त्याच्या वडिलांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. पोराला आतून काही मार होता का ते पण मी नंतर विचारायला गेलो नाही. आता ते पोरगं सत्तावीस अठ्ठावीसचं असेल. गावातच असेल तर हे वाचेल कदाचित. चूक माझी होती रे बाबा.

गाडीवाल्या सगळ्या भावांना एकच सांगतो, मुलाला पण हेच शिकवलंय. ड्रायव्हर साईडचं दार डाव्या हातानं उघडा. डावा हात उजव्या दाराकडं नेला की अंग आपोआप वळतं, मान मागं जाते, आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँडमधे म्हणे लोकांना असंच दार उघडायची सवय लावलेली असते. याला काही खर्च नाही, पाच दहा दिवस विचित्र वाटतं मग हात बसतो. आणि ओव्हरटेक करताना अंतर सोडा. जर्मनीत २०२० पासून कायदाच आहे की सायकलला गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर लांबून ओव्हरटेक करायचं. आपल्याकडं दीड मीटर मागितले तर लोक हसतील, मी म्हणतो निदान हातभर तरी सोडा, आणि तेवढी जागा नसेल तर मागं थांबा, दहा सेकंद. ट्रॅव्हल्सची बस चिकटून साठच्या स्पीडनं गेली की आधी तिची हवा सायकलला बाहेर ढकलते आणि बस पुढं निघाली की आत ओढते, हे बसवाल्याला कधी कळणारच नाही कारण तो कधी सायकलवर नव्हता. आणि साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात सोळा सतरा मीटर जाते, पाय ब्रेकवर जायलाच तो सेकंद लागतो. तीसला असलात तर आठ मीटर. गावात तीसच्या वर कोणाचं असं काय काम असतं?

सायकलवाल्यांना पण मी सोडणार नाही. रॉंग साईडनी येणारे, कानात बोंड्या घालून गाणी ऐकणारे, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावून वळताना हात न दाखवणारे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्री दिवा नाही, मागं रिफ्लेक्टर नाही, अंगात काळा शर्ट. समोरून हेडलाईट डोळ्यावर आला की असा माणूस गाडीवाल्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, देवाशप्पथ दिसत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. आमच्या लहानपणी सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला की हवालदार चाकातली हवा सोडून द्यायचा, मग ढकलत घरी. प्रताप मिलचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा, वडील त्यातच असायचे, आणि त्या लोंढ्याला गाड्या थांबायच्या, उलटं नव्हतं. डायनमोचा तो घर्र आवाज अजून आठवतो. आता पन्नास शंभर रुपयात मागचा लाल लाईट मिळतो, तेवढा तरी लावा. मी लावलाय, शिवाय पाठीवर मुलाच्या गाडीतलं ते चमकणारं जाकीट घालतो, बायको म्हणते रस्ता झाडणाऱ्यासारखे दिसता. दिसतो ना, तेच पाहिजे.

पण बंदीचं म्हणाल तर बंदी घातल्यावर ही माणसं जातील कुठून? आणि फक्त माणसं नाही, पोरी पण आहेत. मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या पोरींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असली की सायकलीसाठी सरकार पैसे देतं, आपल्या खान्देशातल्या कितीतरी पोरी त्या सायकलीमुळं दहावीच्या पुढं गेल्या, नाहीतर घरचे म्हणायचे एवढं लांब कोण सोडायला येणार. माझी पुतणी त्यातलीच, नगावकडून यायची, आता नर्सिंगला आहे. सरकार एका हातानं सायकल देणार आणि आपण गावाच्या वेशीवर बोर्ड लावणार की सायकल आणू नका, असं कसं चालेल? २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं मेली, हा सरकारचाच आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत अख्खं धुळे शहर पावणेचार लाखाचं होतं, म्हणजे निम्म्याला थोडं कमी गाव एका वर्षात साफ. ती काय सायकलवाल्यांनी मारली?

मला काय पाहिजे म्हणाल तर फार नाही. वेगळा सायकल ट्रॅक नकोच, पुण्यात केले ते बघून आलोय, त्यावर गाड्या लावतात आणि भेळेच्या गाड्या लागतात. आग्रा रोडवर बाईकी दुकानाकडं तोंड करून न लावता रस्त्याला समांतर लावल्या आणि त्याही एकाच बाजूला, तर सहाचे तीन फूट होतात, तीन फूट वाचले, झालीच की जवळजवळ सायकलची पट्टी. लोटगाडीवाल्यांना हाकलू नका, ते पण आपलेच, त्यांना आडव्या बोळात जागा आखून द्या, गिऱ्हाईक तिथं पण येतं. बाहेरच्या रस्त्यांना डांबर टाकायच्या बिलात साईडपट्टीचा मुरूम दाखवल्याशिवाय बिल पास करू नका. आणि एक डोक्यात आलेलं सांगतो, हसू नका. १८१९ साली ब्रिग्ज साहेब इथं कलेक्टर होता, त्यानं धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं, आणि गावातल्या या नंबरच्या गल्ल्या तेव्हाच्या आखणीतल्या, सरळसोट, बाहेरगावचा माणूस आला की त्याला नवल वाटतं. त्यातल्या एक दोन गल्ल्या सकाळी शाळेच्या टायमाला तासभर फक्त पायी आणि सायकलवाल्यांना द्या. दुकानं तेव्हा उघडलेली नसतात, कोणाचं नुकसान नाही. एकवीरा देवीच्या यात्रेला आपण रस्ते बंद करतोच की, तेव्हा कोणी मरत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भाऊंना एक आमंत्रण आहे. माझ्याकडं मुलीची जुनी सायकल आहे, लेडीज आहे पण चालते चांगली. कोणत्याही दिवशी सकाळी साडेनऊला देवपुरात दत्त मंदिराच्या चौकात या, आपण दोघं बरोबर लहान पुलावरून आग्रा रोडनी बारापत्थरपर्यंत जाऊ, चहा माझ्याकडून. येताना परत बंदी पाहिजे वाटली तर मी स्वतः तुमच्या अर्जावर सही करतो. हवा भरून ठेवलीय. फक्त पुढचा ब्रेक जरा जोरात दाबावा लागतो.

आपला,
एक सायकलवाला, आधीचा टेम्पोवाला,
देवपूर, धुळे